चाळीशी लागली, आता नवं पिस्तूल घ्यावं का?

पत्र थोडक्यात असं: वाचक मूळचे कोल्हापूरचे, वय ४३, सध्या डॅलसजवळ राहतात, आयटीत आहेत. घरी बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड आलं. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्रॉन्झ मिळालं तेव्हा अख्ख्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपला जे भरतं आलं होतं त्याच भरात ते ऑफिसातल्या मित्राबरोबर यूएसपीएसए या पिस्तूल-शूटिंग संघटनेच्या एका लोकल मॅचला गेले आणि तिथेच अडकले. आतापर्यंत सहा मॅच झाल्या, प्रॉडक्शन डिव्हिजन, म्हणजे फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांचा गट, आणि क्लास डी, सगळ्यात खालचा. गन ग्लॉक १७ जेन ५ एमओएस, आयर्न साइट्स (नेम धरायच्या साध्या खुणा, एक पुढे, एक मागे). होल्स्टर ऑनलाइन मिळालेलं नायलॉनचं, 'सगळ्या गनना बसतं' असं लिहिलेलं. कमरेला ऑफिसचाच चामडी पट्टा. दर वेळी नंबर शेवटून पाच-सहांत. स्क्वॉडमधला एक जण त्याची जुनी ओपन गन, म्हणजे जवळजवळ सगळे बदल चालणाऱ्या गटातलं पिस्तूल, ३२०० डॉलरला द्यायला तयार आहे. बायकोचं म्हणणं, एवढ्या पैशात डिसेंबरची इंडियाची तिकिटं निघतात, आणि तिने वर तुर्की नेमबाज युसुफ डिकेचचा तो खिशात हात घातलेला फोटो पाठवून दिला. पत्राच्या शेवटी एक ओळ: 'ताई, हल्ली पुढची साइट जरा धूसर दिसते, पण ते असो.' सोबत एका स्टेजचा, म्हणजे मॅचमधल्या एका फेरीचा, स्कोअर जोडलाय. प्रश्न, गन घेऊ का नको?

भावा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, नेहमीचंच आहे, आउट झाल्यावर बॅटकडे बघत बघत पॅव्हेलियनला परतणाऱ्या बॅट्समनसारखं. दुसऱ्यांदा वाचताना 'पण ते असो' वर अडखळले. त्याच्यावर येते, आधी तुझा स्कोअर बघू, कारण तू तो पाठवलास खरा पण त्याच्याकडे नीट बघितलं आहेस असं मला वाटत नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ऑलिंपिकमध्ये स्वप्नील एका जागी राहून नेम धरतो, इथे माणूस कमरेला पिस्तूल लावून उभा असतो, टायमरचा बीप वाजला की पिस्तूल काढायचं, भिंतींच्या आडून, खिडकीतून, पळत पळत सगळी टारगेट मारायची. १९७६ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात कोलंबिया गावात या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, सुरू झाली, यूएसपीएसए ही तिची अमेरिकेतली शाखा. स्कोअर कसा, तर मिळालेले पॉइंट भागिले लागलेले सेकंद. त्याला हिट फॅक्टर म्हणतात. बास, सगळी गंमत त्या भागाकारात आहे.

आता तुझी स्टेज. बारा कागदी टारगेट, चोवीस राउंड, ३१ सेकंद. १४ ए (टारगेटचा मधला भाग), ५ सी आणि ३ डी (त्याच्या बाहेरचे भाग), २ मिस. मायनरमध्ये, म्हणजे कमी जोराच्या राउंडला, ए ला ५, सी ला ३, डी ला १, म्हणजे ७० अधिक १५ अधिक ३, झाले ८८. एका मिसला वजा १०, म्हणून ८८ चे ६८. भागिले ३१. हिट फॅक्टर २.१९.

समज ती ओपन गन तुझ्या हातात असती. नळीच्या टोकाला गॅस वर सोडणारा कॉम्पेन्सेटर असतो, त्यामुळे नळी कमी उडते, दुसरी गोळी लवकर सुटते. प्रत्येक टारगेटवर अर्धा दशांश सेकंद वाचला असं धरू, बारा टारगेटचे ०.६ सेकंद. ६८ भागिले ३०.४, म्हणजे २.२४. बरं, मेजर स्कोअरिंग, म्हणजे जास्त जोराच्या राउंडचं, पण देते तुला, तिथे सी ला ४ आणि डी ला २ मिळतात, पॉइंट होतात ७६. वेळ वाचवून आणि मेजर मिळून जेमतेम २.५.

आता तीच ग्लॉक, तेच ३१ सेकंद, फक्त त्या दोन मिस सी मध्ये लागल्या असं धर. वजा वीस गेले, वर सहा मिळाले, ९४ पॉइंट. हिट फॅक्टर ३.०३.

३२०० डॉलर खर्चून २.५, आणि दोन गोळ्या कागदावर आणून ३.०३. मी काय सांगायचं आता.

आणि ३१ सेकंद गेले कुठे ते पण बघ. मित्राकडे व्हिडिओ असणारच, अमेरिकेत कोण मॅचचा व्हिडिओ काढत नाही. आवाज बंद करून बघ आणि स्टॉपवॉच घेऊन फक्त तेवढा वेळ मोज ज्यात तू गोळी झाडत नाहीयेस. तूच लिहिलंयस की मॅगझिन काढताना पाउच (पट्ट्यावरचा मॅगचा खिसा) फिरतं, एकदा मॅग खाली पडलं, रीलोड उभं राहूनच होतो. पैजेवर सांगते, ३१ पैकी निम्म्याहून जास्त वेळ चालण्यात, पट्ट्याशी झटापट करण्यात आणि पुढच्या जागी पोचून मग पिस्तूल वर उचलण्यात गेलेला असणार. ओपन गन चालत नाही रे, तुलाच चालावं लागतं.

त्या सौद्यात अजून एक गोष्ट आहे जी विकणारा बहुतेक मुद्दाम लपवत नसेल पण सांगणारही नाही. ओपनवाले मेजर पॉवर फॅक्टर खेळतात. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट पर सेकंद, भागिले हजार. मायनरला १२५ लागतो, मेजरला १६५. दुकानातला साधा १२४ ग्रेनचा नाइन एमएम राउंड ११०० च्या आसपास जातो, म्हणजे १३६. मेजर करायचा तर तोच १२४ साधारण १३५० नी पळवावा लागतो, तेव्हा १६७ येतात. असे राउंड बहुतेक जण घरी प्रेसवर स्वतः भरतात. म्हणजे ३२०० मध्ये आता प्रेस, डाय, पावडर, प्रायमर आणि गॅरेजमधला एक कोपरा धर. साधे राउंड घातले तर कॉम्पला पुरेसा गॅस मिळत नाही, स्प्रिंग त्या जड लोडसाठी लावलेल्या असतील तर स्लाइड पूर्ण मागे जाईलच असं नाही, आणि मॅचमध्ये जॅम. आणि तो मेजरचा राउंड चुकून तुझ्या ग्लॉकमध्ये गेला तर काय, याचा विचार कर, दिसायला दोन्ही सारखेच असतात. नवीन माणसाने, घरात लहान मूल असताना, या वाटेला दुसऱ्या वर्षी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाच वर्षांनी जा, खुशाल जा, ओपन हा प्रकार नाद खुळा आहे हे मलाही मान्य.

माझीच फजिती सांगते, म्हणजे मी वरून बोलतेय असं वाटायला नको. मी सांगलीची, त्यामुळे कोल्हापूरवाल्याला सल्ला द्यायची खाज आहेच, पण ही चूक खरी माझी. दुसऱ्याच वर्षी ट्रिगर हलका करायचं किट टाकलं, स्प्रिंग बदलल्या, घरी बोट लावलं की लोणी. मॅचला गेले, बीप, ड्रॉ, टक्. नुसतं टक्. स्लाइड ओढली, पुढचा राउंड, परत टक्. एका स्टेजमध्ये तीन राउंड फुटले नाहीत, जमिनीवरनं उचलून बघितले तर प्रायमरवर पिनेचा नुसता ओरखडा. स्प्रिंग एवढी हलकी की त्या ब्रँडच्या कडक प्रायमरला पुरेना. ट्रिगरचा अर्धा पाउंड जोर वाचवला आणि अख्खी स्टेज घालवली. त्या दिवसापासून माझा एकच हट्ट, जे काय बदलशील ते मॅचच्या राउंडवर, मॅचच्या मॅगमधून, निदान दोनशे वेळा चाललं पाहिजे, मगच कमरेला लावायचं.

तर आता 'पण ते असो'.

ते असू दे कसं? तुझ्या अख्ख्या पत्रात खरी गियरची अडचण तीच एक आहे. चाळीशी लागलीय तुला, दुसरं काही नाही. मोबाइल लांब धरून वाचतोस का रे? हाताच्या अंतरावर असलेली साइट पस्तिशीत जशी कोरीव दिसायची तशी आता दिसणार नाही, आणि जिममध्ये जाऊन ते सुधारत नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, त्यांना सांग की ज्या डोळ्याने नेम धरतो त्याला हात सरळ केल्यावर जिथे साइट येते त्या अंतराचा नंबर हवाय. काही जण तेवढ्यावर आयर्न साइटच चालू ठेवतात. पण दुसरा रस्ता तुझ्याच हातात आहे, आणि गंमत म्हणजे तू तो स्वतःच्या पत्रात लिहून विसरलास. ग्लॉक १७ जेन ५ *एमओएस*. मागच्या साइटच्या पुढे स्लाइडवर जी छोटी प्लेट आहे ती काढली की तिथे रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, बसतो. तुझी गन आधीपासून तयार आहे. डॉट लावला की तू कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजनमध्ये जातोस, तिथे सगळेच मायनर खेळतात, म्हणजे मेजर-मायनरचं दुखणंच संपलं. डॉटमध्ये पुढची साइट, मागची साइट, टारगेट अशी तीन अंतरं डोळ्याने सांभाळायची नसतात, नजर टारगेटवर ठेवायची, ठिपका आपोआप त्यावर तरंगतो. चाळिशीच्या डोळ्याला यासारखं सुख नाही.

घ्यायच्या आधी कुणाच्या तरी गनवरचा डॉट बघून घे, रेंजवर आरओला (रेंज ऑफिसरला) विचारून, रीतसर. ठिपका फुटल्यासारखा, धूमकेतूसारखा शेपटीचा दिसला तर लगेच डॉट खराब म्हणू नकोस, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघ. कॅमेऱ्याला गोल दिसला आणि तुला फाटका, तर ते अ‍ॅस्टिग्मॅटिझम आहे, चष्म्यात सुधारतं बऱ्याचदा. खिडकी मोठी असलेला घे, होलोसन, ट्रिजिकॉन, कुठल्याही कंपनीचा, ज्याची तुझ्या स्लाइडला बसणारी प्लेट सहज मिळते तो. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून त्याला निळं लॉकटाइट लाव, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळ, आणि स्क्रूवरून स्लाइडवर एक बारीक रेघ मार पेनाने, स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. बॅटरी बदलायचा दिवस लक्षात राहत नाही, म्हणून मी खंडेनवमीला बदलते. शस्त्रपूजा होते आणि बॅटरीही नवी.

एक आधीच सांगून ठेवते, पहिला महिना डॉट सापडणारच नाही. ड्रॉ करशील आणि खिडकी रिकामी. तेव्हा घाबरून गन खालीवर हलवत बसू नकोस आणि मला 'ताई डॉट बेकार आहे' असं लिहू नकोस. मनगट कुठेतरी वाकतंय, बाकी काही नाही. घरी गन रिकामी करून, राउंड दुसऱ्या खोलीत ठेवून, दोनदा तपासून, भिंतीवर छोटं टारगेट लावून रोज पंधरा मिनिटं ड्राय फायर कर, नुसता ड्रॉ आणि डॉट. ग्लॉकला प्रत्येक वेळी ट्रिगर रीसेट करायला स्लाइड थोडी ओढावी लागते, त्याचा कंटाळा येतो, येऊ दे, ड्रॉच्या सरावाला दर वेळी ट्रिगर दाबायची गरज पण नाही. मुलगी जागी असताना हे करू नकोस, आणि झालं की गन सेफमध्ये. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक मुलांच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

होल्स्टरबद्दल मी जरा रागावून लिहिणार आहे. ते नायलॉनचं 'सगळ्यांना बसतं' होल्स्टर आजच्या आज कचऱ्यात टाक. ते मऊ असतं, गन काढली की तोंड मिटतं, परत घालताना त्याची कड किंवा पट्टी ट्रिगर गार्डमध्ये शिरू शकते, आणि ग्लॉकला अंगठ्याने लावायची सेफ्टी नसते. स्टेज संपल्यावर आरओ देतो त्या 'इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर' या आज्ञेतल्या शेवटच्या शब्दाला बहुतेक सगळे निवांत झालेले असतात, तेव्हाच बोटं आणि मांड्या जायची भीती. तुझ्याच मॉडेलसाठी बनवलेलं, डॉटसाठी वरनं कापलेलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, होल्स्टर घे. आधी डॉट ठरव, मग होल्स्टर, उलट केलंस तर दोनदा पैसे जातील. ते रेसवाले होल्स्टर, ज्यात गन नुसती ट्रिगर गार्डवर लटकते, ते तुला आत्ता नकोत. होल्स्टर कमरेवर कुठे आणि किती खाली बसावं याचे डिव्हिजनप्रमाणे नियम आहेत, घ्यायच्या आधी रूलबुक उघडून बघ, फुकट मिळतं.

आणि पट्टा. याला कुणी भाव देत नाही पण मला विचारशील तर तुझ्या ३१ सेकंदांतले निदान दोन त्या ऑफिसच्या पट्ट्याने खाल्लेत. दोन भागांचा वेल्क्रो पट्टा येतो, आतला लुप्समधून घालायचा, बाहेरचा कडक पट्टा त्यावर चिकटवायचा, गन आणि पाउच बाहेरच्यावर कायम लावलेले, त्यामुळे प्रत्येक मॅचला सगळं इंचभरही न सरकता त्याच जागी. हात न बघता मॅगवर पडतो तो यामुळे, प्रतिभेमुळे नाही. तीन-चार पाउच, एकमेकांना खेटून, मॅगच्या गोळ्या पुढच्या बाजूला. प्रॉडक्शनमध्ये किती राउंड भरायचे यावर मर्यादा होती, कॅरी ऑप्टिक्समध्ये मर्यादा मॅगच्या लांबीवर आहे, १४१.२५ मिलिमीटर, त्यामुळे तुझ्याच सतराच्या मॅगला तळाशी मोठा बेसपॅड (तळाची टोपी) लावला की वीसच्या वर राउंड बसतात. मॅगांवर मार्करने नंबर टाक. जे मॅग जॅम करतं त्याचा नंबर कळला की ते फक्त प्रॅक्टिसला ठेवायचं. टेक्सासची ती बारीक धूळ, खाली पडलेलं मॅग घरी येऊन उघडून पुसल्याशिवाय पुढच्या मॅचला न्यायचं नाही.

बूट पण बघ, खडीवर ऑफिसचे स्नीकर घसरतात. ट्रेल रनिंगचे साधे घे. टोपी पुढे चोच असलेली, झाडलेल्या राउंडची गरम पुंगळी चष्म्याच्या मागे गेली की माणूस नाचतो, आणि हातात भरलेली गन असताना नाचणं परवडत नाही. नाचता नाचता १८० अंशाच्या पलीकडे, म्हणजे मागे माणसांच्या बाजूला, नळी गेली की मॅच तिथेच संपली, डीक्यू, गाडीत बसायचं.

डॉट, होल्स्टर, पट्टा, पाउच, बेसपॅड, सगळं मिळून माझ्या अंदाजाने आठ-नऊशे डॉलरच्या आत बसतं. राहिले तेवीसशे. नाइन एमएमचा राउंड पंचवीस-तीस सेंटला पडतो असं धरलं तर त्यातल्या हजार डॉलरमध्ये वर्षभराच्या लोकल मॅच आणि प्रॅक्टिस निघते, वर एखादा एक दिवसाचा चांगला क्लास. उरलेले तिकिटाला.

आता वहिनींबद्दल. तुझ्या पत्रात त्या ओपन गनच्या स्लाइडवरच्या कटबद्दल चार ओळी आहेत आणि बायकोबद्दल दीड. त्या दीड ओळीत तू असं गृहीत धरलंयस की तिचा विरोध पैशाला आहे. असेलही. पण महिन्यातले दोन रविवार सकाळी सहाला जाऊन दुपारी तीनला धुळीने माखून येणारा नवरा, आणि घरात नव्याने आलेली बंदूक, याबद्दल तिला काय वाटतं हे तू विचारलंस का कधी? सेफ कुठे आहे, कॉम्बिनेशन कुणाला माहीत आहे, मुलीच्या मैत्रिणी खेळायला येतात तेव्हा काय करतोस, हे आधी तिला स्वतःहून सांग. मग गियरची यादी दाखव, तिकिटाचे पैसे बाजूला काढलेली.

डिकेचच्या फोटोचं मात्र मी तिच्या बाजूने पूर्ण बोलणार नाही. पॅरिसला टेन मीटर एअर पिस्तूलच्या मिक्स्ड टीममध्ये त्याला सिल्व्हर मिळालं, साधा चष्मा, साधा टीशर्ट, सगळ्या जगाला वाटलं हा माणूस रस्त्यावरून आत आला. पण त्या खेळात मोकळा हात खिशात घालतातच, अंग स्थिर राहावं म्हणून, तो काही ऐटीत उभा नव्हता. कानात इअरप्लग होते, हातात मॅचचंच पिस्तूल होतं, आणि २००८ पासून तो ऑलिंपिकला जातोय. त्याला जे लागत नाही ते त्याने काढून टाकलं, एवढंच. तुला आयर्न साइट दिसत नाही, म्हणून तुला डॉट लागतो. दोन्हीत विरोध नाही.

तुझ्यासारखीच पत्रं अजून येतात म्हणून इथेच लिहिते. एच-वन, एल-वन, एफ-वन अशा व्हिसावर असणाऱ्यांनी मित्राबरोबर रेंजवर जायच्या आधी थांबा. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा राउंड जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत, पण 'मी फक्त त्याची गन हातात घेतली' हे सुद्धा बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. त्यावर इमिग्रेशन अडकलं तर किती वर्षं जातील बघा. वकिलाला विचारा, स्क्वॉडमधल्या मित्राला नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमच्याकडे मॅगमध्ये दहाच राउंड, त्यामुळे वरचं वीसचं गणित तुम्हाला लागू नाही. आणि पुण्या-कोल्हापुरातून विचारणाऱ्यांनो, भारतात नाइन एमएम हा सर्वसामान्य माणसासाठी प्रोहिबिटेड बोर, म्हणजे बंदी असलेलं कॅलिबर, आहे, तुम्ही आपल्या जवळच्या रायफल क्लबात एअर पिस्तूलपासून सुरू करा, नेमबाज राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंतच्या कोल्हापुरात तर काय कमी आहे.

भावा, त्या ओपनवाल्याला सरळ सांग की यंदा जमत नाही, आणि जमलं तर त्याच्या गनमधून त्याचेच राउंड घालून एक मॅग मारून बघ, हौस फिटेल. नव्या डिव्हिजनमध्ये चार क्लासिफायर, म्हणजे क्लास ठरवणाऱ्या ठरावीक स्टेज, झाले की नवा क्लास मिळेल, तो काय येतो ते कळव, पण त्याहून जास्त मला अशाच चोवीस राउंडच्या स्टेजचा स्कोअर हवाय, मिस किती आणि सेकंद किती. वहिनींना आणि मुलीला एखाद्या मॅचला घेऊन ये, दोघींना चष्मा आणि इअरमफ घालून. टारगेटवरची भोकं चिकटवायला स्क्वॉडमध्ये नेहमीच माणसं कमी पडतात.

तुझी ताई